जालन्याची लूट आणि बहिर्जी नाईक

जेम्स बाँडचे सिनेमे आपण सगळेच पाहतो. त्या बाँडला कामगिरीवर पाठवणारा हेरखात्याचा साहेबही आपल्याला माहीत असतो. पण मित्रांनो, असाच एक हेरप्रमुख साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या जालन्याशी जोडला गेला, हे किती जणांना ठाऊक आहे?

ते म्हणजे बहिर्जी नाईक, शिवाजी महाराजांच्या हेरांचे नाईक. हेरांना तेव्हा जासूद म्हणत. आधी पाळत ठेवायची, मगच तलवार काढायची, ही महाराजांची पद्धत. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, तिची आधीची पाहणी बहिर्जींनीच केली होती. लोककथांमध्ये ते कधी फकीर तर कधी बहुरूपी होऊन शत्रूच्या गोटात शिरतात. सभासद बखर मात्र त्यांची मोजकीच कामं सांगते. त्यातलं सर्वांत मोठं काम जालन्यानंतरचं.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगाच पडलेली नाही. हे तेव्हा मोगलांचं श्रीमंत व्यापारी शहर होतं. १६७९ च्या नोव्हेंबरात महाराजांनी चार दिवस जालना लुटलं. लूट घेऊन परतताना संगमनेरजवळ रणमस्तखानाने वाट अडवली. मोठी लढाई झाली. सिधोजी निंबाळकर पडले. त्यातच मोगलांची आणखी फौज जवळ आली. बरोबर लुटीचं ओझं, माणसं आणि घोडी थकलेली. काय करणार?

अशा वेळी बहिर्जी पुढे झाले. आडवाटेने, तीन दिवस तीन रात्री चालवत त्यांनी महाराजांना आणि फौजेला पट्टागडावर सुखरूप पोचवलं. महाराजांनी तिथे विश्रांती घेतली, म्हणून तो विश्रामगड झाला. महाराजांनी खूश होऊन बहिर्जींना बक्षीसही दिलं. ही महाराजांची अखेरची मोठी मोहीम. पुढे ३ एप्रिल १६८० ला ते गेले.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर बहिर्जींची समाधी दाखवतात. रामोशी समाज त्यांना आपला पूर्वज मानतो. महाराजांच्या हयातीतल्या कागदांत मात्र त्यांचं नाव शोधावंच लागतं. तसं ते बरोबरच आहे म्हणा! ज्याचं नाव सर्वांना कळलं, तो हेर कसला?

आज आपण मोबाईलवर नकाशा उघडल्याशिवाय संगमनेरला जात नाही. बहिर्जींच्या डोक्यात मात्र डोंगराची प्रत्येक वाट होती, आणि त्या संकटात एवढ्या माणसांचा जीव तिच्यावरच वाचला. तेव्हा पुढच्या सुट्टीत ट्रेकला जायचं असेल, तर पट्टागड नक्की करा. जालन्यातून निघालेली ती वाट तिथेच संपली होती.