गतिशास्त्राचा पाया घालणारे गॅलिलिओ

इटलीतील पिसा येथे १५ फेब्रुवारी १५६४ रोजी गॅलिलिओ गॅलिली यांचा जन्म झाला. जड वस्तू अधिक वेगाने पडते, हे ॲरिस्टॉटलचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. गॅलिलिओंनी उतरत्या खोबणीतून कांस्याचे गोळे सोडले. बारीक धारेने वाहिलेल्या पाण्याचे वजन करून वेळ मोजला. काळ दुप्पट झाला की अंतर चौपट होते, हे त्यातून सिद्ध झाले.

पृथ्वी फिरते या मतापायी १६३३ मध्ये धर्मन्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. नजरकैद आणि ग्रंथबंदी असूनही त्यांनी गतिविषयक ग्रंथ पूर्ण केला. तो १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला, तेव्हा त्यांची दृष्टी गेलेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी नजरकैदेतच ते निवर्तले. त्यांनी घातलेल्या पायावर पुढे न्यूटनने गतीचे नियम उभारले.