न विचारता मिळालेलं घर

सेवाग्रामला गेलेली माणसं बापू कुटीपाशी बराच वेळ रेंगाळतात. तिथली बैठक, कंदील, चरखा पाहतात, मुलांना समजावून सांगतात. बा कुटी मात्र दोन मिनिटांत पाहून होते. खरं तर त्या एवढ्याशा झोपडीमागे मोठी हकिगत आहे. १९३६ साली गांधीजी त्या खेड्यात राहायला आले, तेव्हा आदि निवास या एकाच घरात सगळ्यांचा मुक्काम असे. पाहुणे, कार्यकर्ते, आजारी माणसं, सगळे तिथेच. कस्तुरबांना घटकाभर पाठ टेकायलाही आडोसा नव्हता. जमनालाल बजाजांनी ही अडचण ओळखली आणि बांसाठी निराळी झोपडी बांधून दिली. तेव्हा बांनी पासष्टी ओलांडली होती. एका बाईला स्वतःचा आडोसा मिळायला इतकी वर्षं का लागावीत? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर मला वर्ध्याहून थेट दक्षिण आफ्रिकेतल्या एका शेतावर जावं लागतं.

बा काही शेतकऱ्याघरच्या नव्हत्या. १८६९ साली पोरबंदरच्या कपाडिया या व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. सासरही दिवाणांचं. लहानपणी लग्न, मग विलायतेला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणं. १८९७ च्या जानेवारीत त्या दोन मुलं आणि एक भाचा घेऊन डरबनला उतरल्या, त्या बॅरिस्टरांच्या पत्नी म्हणून. पुढे जोहान्सबर्गला ट्रॉयव्हिल भागात दुमजली घर मिळालं. साधेपणाचे प्रयोग तिथेही सुरू होते, दळण घरच्या जात्यावर होई. पण दाराशी रस्ता होता, शेजार होता, बाजार होता.

दरम्यान १९०४ साली गांधीजींनी आगगाडीच्या प्रवासात रस्किनचं पुस्तक वाचलं आणि एका रात्रीत आयुष्य बदलायचं ठरवलं. डरबनपासून चौदा मैलांवर, फिनिक्स स्टेशनाजवळ शंभर एकर जमीन एक हजार पौंडांना घेतली. एक झरा, काही संत्र्यांची आणि आंब्यांची झाडं, एक पडकं घर, बाकी सगळं गवत आणि त्या गवतात साप. पारशी रुस्तमजींनी पत्रे दिले, त्यांतून छापखान्याची शेड उभी राहिली, आणि डिसेंबर १९०४ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’चा अंक तिथून निघाला. प्रत्येक कुटुंबाला तीन एकर जमीन आणि महिना तीन पौंड. ही सारी कथा आत्मकथेत मोठ्या उत्साहाने येते. बायकोला विचारल्याचा उल्लेख मात्र तिथे सापडत नाही. त्या काळात कोणता नवरा विचारत होता, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण त्या काळात कोणता बॅरिस्टर बायकोला पत्र्याच्या घरात नेऊन ठेवत होता?

१९०६ साली बा मुलांसह फिनिक्सला राहायला गेल्या. त्याच वर्षी गांधीजींनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. म्हणजे घर बदललं आणि संसाराचा अर्थही बदलला. शिवाय गांधीजी स्वतः तिथे राहिले कुठे? वकिली आणि लढा यांपायी त्यांचा मुक्काम पुष्कळसा जोहान्सबर्गलाच. शेतावर बा, मुलं, पुतण्यांची कुटुंबं आणि वेस्ट यांच्यासारखे इंग्रज सहकारी. आजूबाजूला उसाचे मळे आणि झुलूंच्या वस्त्या. पावसाळ्यात पत्र्यावर पडणारा पाऊस आणि घरात कर्ता पुरुष नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की त्या आश्रमाच्या गोष्टी मला निराळ्या वाटू लागतात.

मुलांनी शाळेत जायचं नाही, हातांनी काम करायचं, खिळे जुळवायचे, असा नियम होता. धाकट्या रामदास आणि देवदासला शेतातलं बागडणं मानवलं असेल. थोरल्या हरिलालला शिक्षण हवं होतं. विलायतेला पाठवण्यासाठी शिष्यवृत्ती आली, तेव्हा गांधीजींनी आपल्या मुलाऐवजी आधी पुतण्या छगनलालची आणि नंतर सोराबजी अडाजानियांची निवड केली. तत्त्वाला धरूनच होतं ते. पण १९११ साली हरिलाल वडिलांशी भांडून हिंदुस्थानात निघून गेला, आणि ती फट पुढे कधी बुजली नाही. त्याची बायको गुलाब याच शेतावर सून म्हणून आली होती. नवऱ्याचं तत्त्व आणि मुलाचा सल यांच्या मधे बा उभ्या होत्या. त्यांनी कुणाची बाजू घ्यायची?

शरीरानेही तक्रार केलीच. नोव्हेंबर १९०८ मध्ये बा फिनिक्सला खूप आजारी पडल्या, तेव्हा गांधीजी तुरुंगात होते. दंड भरून सुटता आलं असतं, तो त्यांनी भरला नाही. सुटल्यावर त्यांनी बांना डरबनला डॉक्टरांकडे नेलं. शस्त्रक्रिया झाली तीही क्लोरोफॉर्मशिवाय, कारण प्रकृती फारच तोळामासा होती. डॉक्टरांनी गोमांसाचं सूप देण्याचा आग्रह धरला. बांनी साफ नकार दिला आणि मला घरी न्या म्हणून सांगितलं. बाहेर पावसाची रिपरिप होती. गांधीजींनी त्यांना स्टेशनावर हातांत उचलून डब्यात ठेवलं. फिनिक्सला वेस्ट झोळी, गरम दूध आणि सहा माणसं घेऊन हजर होते. स्टेशनापासून वस्ती अडीच मैल. त्या झोळीतून बा शेतावर परतल्या आणि हळूहळू बऱ्या झाल्या. मला या प्रसंगात मोठी गोष्ट वाटते ती ही, की तोवर नवऱ्याने नेऊन ठेवलेली ती जागा बांनी आता स्वतः होऊन मागितली होती.

पुढची पायरी तर त्याहून पक्की. मार्च १९१३ मध्ये केप सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की ख्रिस्ती पद्धतीने न लागलेली लग्नं कायद्यात बसत नाहीत. फिनिक्सच्या बायकांना सत्याग्रहात उतरवण्याची बोलणी गांधीजी इतर स्त्रियांशी करत होते. बांवर दडपण येऊ नये म्हणून त्यांनी बांना मुद्दाम विचारलं नव्हतं. बांनी ती बोलणी ऐकली आणि मला का वगळलं, असं विचारलं. सप्टेंबरात सोळा जणांची तुकडी फिनिक्सहून निघाली, तीत बा, पुतण्यांच्या बायका काशी आणि संतोक, आणि रामदासही होता. बांना तीन महिने सक्तमजुरी झाली. डिसेंबरात त्या पीटरमारित्झबर्गच्या तुरुंगातून सुटल्या, तेव्हा अगदी अस्थिपंजर झाल्या होत्या.

जुलै १९१४ मध्ये गांधी पतिपत्नींनी दक्षिण आफ्रिका सोडली. बांना फिनिक्स पुन्हा दिसलं नाही. त्यानंतर साबरमती, सेवाग्राम, आणि शेवटी पुण्याचा आगाखान पॅलेस, जिथे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कैदेतच त्यांनी देह ठेवला.

फिनिक्सची जमीन मात्र सांभाळली दुसऱ्या मुलाने. मणिलाल परत गेला, ‘इंडियन ओपिनियन’ चालवत राहिला. १९२७ साली त्याचं लग्न झालं ते आपल्या अकोल्याला, मश्रूवालांच्या सुशीलेशी. वऱ्हाडातली ती नवी नवरी समुद्र ओलांडून त्याच उसाच्या मुलखात गेली, खिळे जुळवायला शिकली आणि १९५६ साली मणिलाल वारल्यावरही तिथेच राहून काम पाहत राहिली. १९८५ च्या दंगलीत ती वस्ती जाळली गेली. घर पुन्हा बांधलं आणि २००० साली लोकांना पाहायला खुलं झालं.