रेक्टर साने सर

होस्टेलमध्ये एखादा मुलगा जरा हळवा निघाला, पिक्चर बघताना गुपचूप डोळे पुसायला लागला, की त्याला लगेच साने गुरुजी म्हणून चिडवतात. हे नाव आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखं वापरलं जातं. साने गुरुजी म्हणजे रडणारा माणूस, बस्स, इथे विषय संपतो. मला हे पटत नाही. ज्या माणसाने पुन्हा पुन्हा तुरुंगवास पत्करला, पंढरपूरच्या बडव्यांसमोर प्राण पणाला लावले आणि आपल्या नाशिकच्या तुरुंगात बसून मराठीतलं सर्वात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक पाच दिवसांत लिहिलं, तो माणूस लेचापेचा कसा असेल? शिवाय हा माणूस काही वर्षं होस्टेलचा रेक्टर होता. म्हणजे तो आपल्यातलाच. म्हणून हा लेख.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणात दापोलीजवळच्या पालगड गावातला. घराणं खोताचं. आजोबांच्या काळात घरात बऱ्यापैकी होतं, पण कोर्टकचेऱ्या, भाऊबंदकी आणि कर्ज यांत सगळं गेलं. शेवटी घरावर जप्ती आली. वडील सदाशिवराव टिळकांना मानणारे, स्वाभिमानी. आई यशोदाबाई. या बाईंनी ना शाळा काढली, ना भाषण केलं. गरिबीत मुलं वाढवली आणि वाढवता वाढवता त्यातल्या एकाला असं घडवलं की सगळा महाराष्ट्र तिला आई म्हणायला लागला.

ही आई नुसती लाड करणारी नव्हती हे लक्षात घ्या. श्याम पोहायला घाबरून लपून बसला तेव्हा तिने त्याला शिमटीने फोडून काढून विहिरीकडे पाठवलं. पोरगा पोहून आला, पाठीवरचे वळ दाखवले, तेव्हा तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. पण मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये यासाठी तिने हात उचलला होता. आणि हीच आई, आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामसाठी ओलं लुगडं धोंड्यावर पसरते, आणि मग हळूच सांगते की पायाला जपतोस तसं मनालाही जप. रस्त्यात मोळी घेऊन थकून बसलेल्या दलित म्हातारीला हात लावायला गाव तयार नव्हतं. तिथे या आईने लेकाला पुढे पाठवलं. रूढीप्रमाणे घरी आल्यावर आंघोळ करायला लावली, पण मदत आधी. हा प्रसंग पुढे कुठे जाऊन पोचला ते नंतर बघू.

शिक्षणासाठी मुलाला घर सोडावं लागलं. दापोली, मग औंध, मग पुणे. औंधला तर हाताने स्वयंपाक करून, कधी अर्धपोटी राहून दिवस काढले. आपण मेसच्या भाजीला नावं ठेवतो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही! तिथे प्लेगची साथ आली म्हणून पुण्याला नूतन मराठी विद्यालयात आले. २ नोव्हेंबर १९१७ ला पालगडला आई गेली. मुलगा शिक्षणासाठी लांब होता. शेवटची भेट झाली नाही. अठरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. १९१८ मध्ये मॅट्रिक, १९२२ मध्ये बी. ए., १९२४ मध्ये एम. ए. झालं. पण ती न झालेली भेट त्यांच्या मनात तशीच राहून गेली.

तत्त्वज्ञान शिकायला म्हणून ते खानदेशात अमळनेरला आले आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. साने सर. थोड्याच दिवसांत होस्टेलची, म्हणजे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. आता रेक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रात्रीची हजेरी, उशिरा आल्याबद्दल दंड, पालकांना फोन. साने सरांनी यातलं काहीच केलं नाही. मुलं शाळेत गेली की हा रेक्टर त्यांच्या खोल्या झाडायचा. अंथरुणाच्या घड्या घालायचा, कंदिलाच्या काचा पुसायचा, राहिलेले कपडे धुवायचा. मुलं परत येऊन बघतात तर खोली लख्ख. पहिल्यांदा मुलांना गंमत वाटली, मग लाज वाटली, मग मुलं स्वतःच खोली आवरायला लागली. नोटीस लावावी लागली नाही. कोणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसणारेही तेच.

आणि दुसरं म्हणजे त्यांनी मुलांसाठी चक्क हस्तलिखित दैनिक काढलं. नाव छात्रालय. रोज रात्री मुलं झोपली की ते लिहायला बसायचे आणि सकाळी अंक तयार. त्यात देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रं, गोष्टी, कविता, मुलांच्या वागण्यावर चार शब्द. आपलं वार्षिक मॅगझिन काढताना आमच्या संपादक मंडळाच्या नाकी नऊ येतात, लेख द्या म्हणून खोल्या खोल्या फिरावं लागतं. हा माणूस एकटा रोज अंक काढत होता! १९२८ मध्ये विद्यार्थी नावाचं छापील मासिकही सुरू केलं. माझ्या मते गुरुजींमधला लेखक इथे तयार झाला. समोर खरा वाचक होता, तो वय वर्षं बारा ते अठराचा होता, घरापासून लांब होता आणि कंटाळला तर सकाळी तोंडावर सांगणारा होता. यापेक्षा चांगली कार्यशाळा कुठे मिळणार?

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. शिक्षा झाली, धुळ्याच्या तुरुंगात गेले, तिथून त्रिचनापल्लीला हलवले. तुरुंगात माणूस दिवस मोजतो. यांनी तिथे दाक्षिणात्य कैद्यांकडून तमिळ शिकायला घेतलं आणि पुढे तिरुवल्लुवरांचा कुरळ मराठीत आणला. १९३२ मध्ये पुन्हा धुळे. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार अठरा अध्याय. टेपरेकॉर्डर नव्हता. गुरुजींनी ऐकता ऐकता सगळं उतरवून घेतलं. आज गीता प्रवचने हे पुस्तक अनेक भाषांत वाचलं जातं ते या लेखणीमुळे. एका लेक्चरच्या नोट्स घेताना आपली काय अवस्था होते ते आपल्याला माहीत आहे.

मग आलं नाशिक. जेलरोडवरून आपण रिक्षाने, सिटी बसने कितीतरी वेळा जातो. १९३२-३३ मध्ये नाशिक रोडचा हा तुरुंग म्हणजे एक विद्यापीठच झालं होतं. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशी मंडळी त्या काळात इथे होती आणि काँग्रेसमधल्या समाजवादी पक्षाची कल्पना त्यांच्या चर्चांतून इथेच आकाराला आली. एकीकडे देशाच्या भवितव्यावर वाद चाललेले, आणि दुसरीकडे एक तेहेतीस वर्षांचा शिक्षक कैदी आपल्या आईबद्दल लिहीत होता. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार, या दिवशी त्यांनी श्यामची आई लिहायला घेतलं आणि १३ फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे लेखणी खाली ठेवली. दिवसा तुरुंगातली कामं, रात्री आणि पहाटे लेखन. काही भाग बाहेर आल्यावर लिहिला, पण पुस्तकाचं अंग या पाच दिवसांतलं. पंधरा वर्षं मनात धरून ठेवलेलं बाहेर यायला पाच दिवस पुरले.

पुस्तकाची बांधणी अगदी साधी आहे. आश्रमातला श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. राजाराणी नाही, राक्षस नाही, चमत्कार नाही. मीठ घालायला विसरलेली भाजी, पत्रावळ लावणं, मोरी गाय, कर्जवसुलीला आलेला माणूस. पण सुट्टीत घरी जाऊन परत होस्टेलला आल्यावर हे पुस्तक उघडून बघा. आपल्या फीसाठी घरी काय काय विकलं गेलं, कोणी स्वतःसाठी साडी घेतली नाही, हे सगळं एकदम डोळ्यांसमोर येतं. लोक म्हणतात पुस्तक रडवतं. खरं तर ते हिशेब मांडतं, आणि आपल्या बाजूची बाकी बघून आपल्याला रडू येतं.

१९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने मिळवलं. बघायला गुरुजी नव्हते.

मुलांसाठी त्यांनी आणखी भरपूर लिहिलं. धडपडणारी मुले ही त्यांची कादंबरी. गोड गोष्टी या मालेत परदेशी कादंबऱ्या मराठी मुलांना कळतील अशा करून सांगितल्या. त्यातली मनुबाबा ही जॉर्ज इलियटच्या सायलस मार्नरवरून. पुतणी सुधा हिला लिहिलेल्या पत्रांचं सुंदर पत्रे झालं. भारतीय संस्कृती हे पुस्तक जरा मोठ्या मुलांसाठी. शाळेच्या परिपाठाला आपण सगळ्यांनी जी प्रार्थना म्हटली, तीही त्यांचीच.

आता त्या मोळीवाल्या म्हातारीकडे परत येतो. आपल्या नाशिकला काळाराम मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू केला. तो १९३५ पर्यंत चालला, दार काही उघडलं नाही. त्याच वर्षी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे गुरुजी इथल्या तुरुंगात लिहीत होते तेव्हा काही मैलांवर देवाचं दार माणसांना बंद होतं. १९४७ मध्ये स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना पंढरपूरच्या विठ्ठलाचं दारही बंदच होतं. गुरुजी महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव सभा घेतल्या आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात आमरण उपोषणाला बसले. अर्धवट माहितीमुळे खुद्द गांधीजींचाही सुरुवातीला विरोध होता. गुरुजी हलले नाहीत. दहा दिवसांनी मंदिर खुलं करायचं ठरलं. याला रडका माणूस म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

स्वातंत्र्य आलं, पण त्यांच्या मनासारखं नाही. फाळणीच्या दंगली, मग गांधीजींची हत्या. त्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला साधना साप्ताहिक सुरू केलं, जे आजही निघतं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावं यासाठी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं. पण आतून ते खचत चालले होते. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय पन्नास.

पुष्कळ लेखांत हे वाक्य गाळलेलं असतं किंवा त्याला मोठमोठी नावं दिलेली असतात. मला दोन्ही योग्य वाटत नाही. ते त्यागही नव्हता आणि भित्रेपणाही नव्हता. दुसऱ्यांच्या मुलांच्या उशाशी रात्र रात्र बसलेल्या माणसाच्या उशाशी त्या वेळी कोणी नव्हतं, एवढंच मला समजतं. सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस स्वतःचं सांगत नाही आणि आपल्यालाही विचारायचं सुचत नाही. आपल्या प्रत्येक विंगमध्ये असा एक जण असतो. केटी लागलेली असते, घरचा ताण असतो, ब्रेकअप झालेलं असतं, आणि विचारलं तर सगळं ओके आहे म्हणतो.

साने सरांची आठवण ठेवायची तर हार घालायची गरज नाही. लायब्ररीत श्यामची आई असेलच, ते एकदा वाचा. आणि रात्री चहाला जाताना ज्या खोलीचं दार दोन दिवस बंद दिसतंय, ते वाजवा. उघडलं नाही तर पुन्हा वाजवा, रेक्टर सरांना उठवा. आणि त्या दाराच्या आत तुम्हीच असाल तर मित्रांनो, कडी काढा. मित्राला, घरी, सरांना, कोणाला तरी सांगा. रात्रीचे दोन वाजले असले तरी चालेल. होस्टेलमध्ये तसंही कोण लवकर झोपतं!