कर्नल शॉ आणि चौपन्नावी पलटण

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या जुलै महिन्यात, दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेल्या मॉरिस बेटावर वाळूत एक चर खणण्यात आला. त्यात मृत कृष्णवर्णीय सैनिकांबरोबरच त्यांच्या गोऱ्या कर्नलचेही प्रेत पुरण्यात आले. शत्रूच्या अधिकाऱ्यास सन्मानाने मूठमाती देण्याचा युद्धातील रिवाज येथे पाळला गेला नाही; यामागे अवहेलनेचाच हेतू होता, असे उत्तरेत सर्वत्र मानले गेले. परंतु मृताच्या पित्याने मुलाचे प्रेत तेथून हलवू नये असे कळविले. आपल्या सैनिकांच्या सहवासात त्याला मिळालेली ही जागाच सर्वांत मानाची होय, अशी त्याची भावना होती. तो कर्नल म्हणजे रॉबर्ट गूल्ड शॉ. मृत्युसमयी त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

बॉस्टनच्या एका धनिक घराण्यात १८३७ साली शॉचा जन्म झाला. आईवडील गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. परंतु त्यांचा हा ध्यास मुलात तेवढ्या प्रखरतेने उतरला होता असे म्हणता येत नाही. हार्वर्डमधील शिक्षण त्याने अर्धवट सोडले आणि काही काळ न्यूयॉर्कमध्ये मामांच्या पेढीवर काम केले. १८६१ च्या एप्रिलमध्ये युद्ध पेटताच तो स्वयंसेवक म्हणून दाखल झाला व लवकरच मॅसॅच्युसेट्सच्या दुसऱ्या पायदळ पलटणीत अधिकारी बनला. सीडर माउंटन आणि अँटीएटम या दोन्ही लढायांत तो होता. अँटीएटमच्या एका दिवसात उभय पक्षांचे मिळून सुमारे तेवीस हजार लोक मृत, जखमी अथवा बेपत्ता झाले. तेथून जिवंत परतलेल्या तरुणाला युद्ध म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची गरज उरली नव्हती.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याचा मार्ग मोकळा झाला. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू याने अशी एक पलटण उभारण्याचे ठरवून तिचे नेतृत्व शॉला देऊ केले. ते पत्र घेऊन खुद्द त्याचे वडील व्हर्जिनियातील छावणीत गेले. शॉने प्रथम नकार दिला; पुढे विचारांती त्याने होकार कळविला. त्याच्या चरित्रातील हा प्रसंग भक्तिभावाने लिहिणारे झाकून ठेवतात. वास्तविक तोच अधिक बोलका आहे. जन्मजात वीरापेक्षा, आपल्या मनातील शंकेवर मात करणारा माणूस इतिहासाला अधिक काही शिकवून जातो.

ही चौपन्नावी पलटण उभी राहिली ती उत्तरेच्या अनेक राज्यांतून आलेल्या स्वयंसेवकांच्या बळावर. फ्रेडरिक डग्लसचे दोन पुत्र तिच्यात भरती झाले. दक्षिणेच्या काँग्रेसने अशा पलटणींच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देहदंडापर्यंतची शिक्षा देण्याचा ठराव केला होता. कृष्णवर्णीय सैनिक पकडला गेल्यास त्याच्या नशिबी पुन्हा गुलामगिरी किंवा मरण होते.

पण अन्याय केवळ शत्रूकडूनच झाला असे नव्हे. दरमहा तेरा डॉलरचे आश्वासन मिळालेल्या या सैनिकांना प्रत्यक्षात दहा डॉलर देऊ करण्यात आले आणि त्यांतूनही तीन डॉलर कपड्यांपोटी कापले जाणार होते. पलटणीने तो पगार नाकारला व शॉने त्यांची बाजू गव्हर्नरकडे लिहून मांडली. जूनमध्ये जॉर्जियातील डेरियन हे निराधार गाव कर्नल माँटगोमेरीच्या हुकुमावरून जाळण्यात आले, तेव्हाही शॉला ते रुचले नाही. हुकूम त्याने नाइलाजाने पाळला. मात्र अशा कृत्याने आपल्या सैनिकांच्या नावाला बट्टा लागेल, ही खंत त्याने वरिष्ठांपर्यंत पोहोचविली.

आपले सैनिक समोरासमोरच्या लढाईत उतरावेत, ही त्याची इच्छा १८ जुलैच्या सायंकाळी पूर्ण झाली. वॅगनर किल्ल्यावरील हल्ल्यात आघाडीचा मान चौपन्नाव्या पलटणीला मिळाला. अरुंद वाळूच्या पट्ट्यावरून, तोफांच्या भडिमारात सुमारे सहाशे जण पुढे सरसावले. शॉ तटावर चढला आणि तेथेच गोळी लागून कोसळला. पलटणीचे २७२ लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. जखमी सार्जंट विल्यम कार्नीने निशाण खाली पडू दिले नाही. किल्ला त्या दिवशी पडला नाही. परंतु कृष्णवर्णीय माणूस लढू शकतो काय, हा प्रश्न त्या वाळूतच गाडला गेला. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले.

कर्नल गेला तरी पलटणीने आपला हट्ट सोडला नाही. पगारातील तूट आपण भरून देऊ, असे राज्याने सांगितले, तेही त्यांनी नाकारले. कारण प्रश्न पैशाचा नसून बरोबरीचा होता. अखेर १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसला समान वेतनाचा कायदा करावा लागला. जिवावर उदार होऊन लढणे आणि बिनपगारी राहूनही न वाकणे, यांत दुसरे शौर्य कमी प्रतीचे नव्हते.

१८९७ साली बॉस्टनमध्ये सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने घडविलेले भव्य स्मारक उभे राहिले. त्यात शॉ घोड्यावर आहे आणि सैनिक त्याच्याबरोबर पायी चालत आहेत. मात्र स्मारकावर गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. पडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावे तेथे यायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

या लढ्याचा प्रतिध्वनी महाराष्ट्रातही उमटला होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तेव्हा मॉरिस बेटावरील त्या रणसंग्रामाला जेमतेम दहा वर्षे लोटली होती. अशा सज्जनांत शॉची गणना अवश्य होईल. परंतु ज्यांनी आपली मुक्ती स्वतःच्या रक्ताने आणि नाकारलेल्या पगाराने मिळविली, त्यांची नावे त्याच्या शेजारीच वाचली पाहिजेत. ज्यांच्याबरोबर तो एका चरात विसावला, त्यांना स्मृतीत मात्र त्याच्यापासून वेगळे करणे, हे त्या पित्याच्या निर्णयाशीही प्रामाणिक ठरणार नाही.