सावतोबांचा मळा आणि पौषातले आभाळ

पौष महिना लागला की नाशिक जिल्ह्यातल्या माळकऱ्याच्या घरी एक जुनाच पेच उभा राहतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी श्रीसंत निवृत्तिनाथांची यात्रा. गावोगावच्या दिंड्या निघतात, पताका खांद्यावर येतात, नाशिकपासून त्र्यंबकपर्यंतचा रस्ता टाळमृदंगाने भरून जातो. आणि नेमके त्याच दिवसांत उन्हाळ कांद्याची लावणी चाललेली असते, द्राक्षमण्यांत पाणी उतरत असते, गव्हाची पाळी द्यायची असते. एवढ्यावर भागले तर एक वेळ बरे. पण वर आभाळ भरून आले, हिवाळ्यात पावसाची भुरभुर लागली, की माळकऱ्याचा पाय उंबऱ्याशीच घुटमळतो. जावे तर मळा हातचा जातो, राहावे तर वारी चुकते. काय करावं बरं?

या पेचात सापडलेल्यांसाठी श्रीसंत सावता महाराजांचे चरित्र या वेळी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. चरित्र तसे सर्वांच्या ओळखीचे आहे. पण कीर्तनात ते ऐकताना आपण चमत्कारापाशी थांबतो आणि मळ्यात शिरतच नाही. आज जरा मळ्यात शिरू.

सावतोबांचे घराणे मूळचे मिरजेकडील औसे गावचे. आजोबा देवू माळी हे पंढरीचे वारकरी. ते सोलापुराकडे येऊन अरण या गावी स्थायिक झाले. हे गाव आज माढे तालुक्यात मोडनिंबाजवळ आहे. देवूंचे चिरंजीव परसोबा, त्यांच्या पत्नी नांगिताबाई. या दांपत्याच्या पोटी शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० साली सावतोबांचा जन्म झाला. आजा वारकरी, बापही विठ्ठलभक्त. मुलाला हरिनाम शिकवावे लागले नाही, ते घरच्या भाकरीबरोबरच मिळाले. पुढे शेजारच्या भेंड गावची जनाई त्यांना पत्नी मिळाली. विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई नावाची मुलगी अशी दोन अपत्ये झाली. धंदा माळ्याचा. विहीर, मोट, बैल, वाफे, भाजीपाला आणि फुले. उभ्या आयुष्याचा संसार एवढाच. पंढरी काही फार लांब नव्हती. तरी सावतोबांची ख्याती अशी की ते मळा सोडून पंढरीस धावले नाहीत. पंढरीचा राणाच त्यांना मळ्यात दिसत राहिला. मोट, नाडा आणि विहीर यांतच त्यांना सगळी पंढरी भेटली, असे त्यांचे अभंग सांगतात. हे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, म्हणून आपल्यापर्यंत आले. आज ३७ अभंग मिळतात.

त्यांच्या सर्वांत गाजलेल्या अभंगात कांदा, मुळा आणि भाजी यांतच आपली विठाई आहे असा भाव आहे. त्यात लसूण आहे, कोथिंबीर आहे आणि आज आपण गातो त्या पाठात मिरचीही आहे. आता मिरची हे झाड अमेरिकेतले. पोर्तुगीज आले तेव्हा, सोळाव्या शतकात, ते आपल्याकडे आले. मग तेराव्या शतकातल्या सावतोबांच्या मळ्यात ते कोठून असणार? काही मंडळी यावरून अभंगालाच नावे ठेवतात. आम्हांस तसे वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या एखाद्या माळ्याने आपल्या वाफ्यात जे उगवले ते भक्तीने आत घातले असेल, तर त्यात सावतोबांचा राग ओढवण्यासारखे काय आहे? कांद्याचे मात्र विशेष वाटते. चातुर्मासात कांदालसूण वर्ज्य करणारे कितीतरी माळकरी आहेत, आणि लासलगावची कांद्याची बाजारपेठ ज्यांच्या घामावर चालते त्यांतही माळकरी पुष्कळ आहेत. जे ताटात घ्यायचे नाही त्याच्या वाफ्यात गुडघे टेकून उभा महिना काढायचा. अशा माणसाला सावतोबांनी कांद्यात देव दाखवून केवढा आधार दिला आहे!

आता हिवाळी पावसाकडे वळू. अरणचा मुलूख कमी पावसाचा, रब्बीचा, शाळू ज्वारीचा. पावसाळा संपला म्हणजे आकाश निरभ्र असावे आणि थंडी कोरडी पडावी, हा तिथला नेम. पण कार्तिक-मार्गशीर्षात किंवा पौषात मधूनच आभाळ येते आणि दोन दिवस झड लागते. भाजीपाल्याच्या मळ्यात हे पाणी सुखाचे नसते. पहिले काम म्हणजे फावडे घेऊन वाफ्याचे तोंड फोडायचे आणि साचलेले पाणी बाहेर काढायचे. मेथी आणि कोथिंबीर आधी बसतात. त्यांची देठे चिखलात टेकली की दुसऱ्या दिवशी वास सुटतो. कांद्याच्या रोपाचे शेंडे करपतात. हरभऱ्यावर ढगाळ हवेने मावा पडतो. काळी माती ओली असताना तीत पाय घालायचा नाही, नाहीतर ती दाबून विटेसारखी होते आणि मुळाला श्वास घेता येत नाही. वापसा येईपर्यंत थांबायचे. वापसा म्हणजे मातीतले जादा पाणी उतरून ओल तेवढी राहते ती अवस्था. ती अंगठ्याने दाबून कळते, पंचांगात सापडत नाही. वापसा आला की खुरपे घेऊन बसायचे, कुजके पान वेचायचे, मुळ्याला माती लावायची, तण काढायचे. यात एक दिवस उशीर झाला तर आठवड्याचे काम वाढते.

मळ्याचे झाले, घरचे वेगळेच. धाब्याचे घर असेल तर गळते तिथे पांढरी माती टाकून बडवावी लागते. गोवऱ्या भिजल्या की चूल धुपते, धुराने डोळे भरतात. धान्याला ऊन दाखवायचे तर ऊन नाही. बैलांच्या पायाखाली कोरडा पाचोळा घालायचा. कातडी मोट ओलसर राहून कुजू नये म्हणून तिला वाळवून तेल द्यायचे, नाडा सुकत टाकायचा. पावसामुळे मोट बंद, म्हणजे माळ्याला सुटी, असे ज्याला वाटते त्याने कधी माळ्याचे घर पाहिलेले नाही.

हे सगळे आम्ही एवढ्यासाठी लिहितो की सावतोबांची भक्ती ही या कामांच्या आड लपलेली नव्हती, ती या कामांतच होती. खुरप्याच्या प्रत्येक ओढीला नाम. काम थांबवून नाम नाही, आणि नाम आहे म्हणून काम ढिले, असेही नाही. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, नामदेव ही सारी त्यांच्याच काळातली माणसे. कोणी ग्रंथ लिहिला, कोणी कीर्तनाचा झेंडा दूरवर नेला. सावतोबांनी काय केले? भाजी पिकवली. आणि त्या मेळ्यात त्यांचे आसन कोणापेक्षा खाली नाही.

चरित्रातला घरचा एक प्रसंग मात्र आमच्या मनात नेहमी घोळतो. एकदा सासुरवाडीची माणसे अरणला आली. सावतोबा भजनात दंग. पाहुण्यांकडे त्यांचे लक्षच गेले नाही. जनाईंना फार लागले. माहेरची माणसे दारी आलेली, आणि घरधनी ओळख देत नाही! त्या रागावल्या. सावतोबांनी मग त्यांची समजूत घातली, आणि त्या शांत झाल्या. कीर्तनकार येथे जनाईंना अज्ञानी ठरवून पुढे सरकतात. आम्हांस ते बरे वाटत नाही. पाण्याची घागर, पीठ, चूल, पाहुण्यांचे हातपाय धुणे हे त्या बाईने एकटीने निभावले असणार. भजनाचा रंग चढला तो तिच्या राबण्याच्या जोरावर. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंना देव दळू लागला, असे आपणच गातो ना? मग मळ्यातला कांदा विठाई आणि चुलीवरची भाकरी मात्र प्रपंच, असा भेद सावतोबांच्या नावावर खपवू नये. त्यांनी जनाईंवर आवाज चढवला नाही, समजूत घातली, ही गोष्ट आम्ही मोलाची मानतो.

चमत्काराची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. पैठणचा कूर्मदास हातपायांवाचून लोळत पंढरीस निघाला आणि लऊळपर्यंत येऊन थांबला. त्याला भेटायला पांडुरंग निघाले, बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत अरण लागले. देव दोघांना मागे ठेवून एकटाच मळ्यात शिरला आणि सावतोबांना म्हणाला की मागे दोन चोर लागले आहेत, मला लपव. मळ्यात लपायला जागा कोठली? सावतोबांनी खुरप्याने आपले पोट चिरले, देवाला आत ठेवले आणि वरून उपरणे बांधले. नामदेव रडत रडत शोधीत राहिले. कथा कोणी अक्षरशः घ्यावी, कोणी भावार्थाने. आमची नजर मात्र जाते ती खुरप्यावर. तण काढायचे तेच हत्यार, दुसरे शस्त्र घरात नव्हतेच.

अलीकडे या चरित्राचा एक सोयीचा अर्थ निघू लागला आहे. सावता माळी पंढरीस गेले नाहीत, मग आम्हीही नाही गेलो तर काय बिघडले? अहो, बिघडते! त्यांच्या घरात आजोबांपासून वारी होती, आणि त्यांनी तिला कधी कमी लेखले नाही. ते मळ्यात राहिले ते नामासकट राहिले. आपण राहतो ते कुरकुरत, भावाच्या कागाळ्या करीत, आभाळाला शिव्या देत. ज्याचा मळा खरोखर बोलावतो आहे त्याने खुशाल राहावे. ज्याला नुसता कंटाळा आला आहे त्याने सावतोबांना साक्षीला बोलावू नये.

आणि मळा खरोखर बोलावतो, हे नाशिककरांना सांगायला नको. सन २०२३ मध्ये कार्तिकी एकादशी २३ नोव्हेंबरला झाली. तिसऱ्याच दिवशी, २६ तारखेला, निफाडसह जिल्ह्याच्या कितीतरी भागांत अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या. द्राक्षाचे घड झोडपले गेले, कांद्याची पात मोडून पडली. पंढरीहून परतलेल्याने घरी येऊन तुळशीची माळ चाचपली आणि बांधावर जाऊन खाली बसला, असे किती घरांत झाले असेल! त्या रात्री पाणी काढायला, मोडकी पात वेचायला, सकाळी फवारणीला जो उभा राहिला, त्याच्या वाट्याला ना टाळ आला ना मृदंग. थंडी उतरली की निफाडकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पारा घसरला की वेलीला पाणी सोडतात. मोट गेली, ठिबक आले, पण रात्रीचे जागरण तेच राहिले. घरात भिजलेले सरपण नसेल, पण लावणीच्या बायांचे जेवण, ओले कपडे, गोठा आणि खोकणारी पोरे आहेतच. अशा घरातल्या सुनेला कोणी विचारले, की तू त्र्यंबकला का नाही आलीस, तर विचारणाऱ्याने आधी तिच्या हातची टोपली खाली उतरवून घ्यावी.

एका घरातून एकाने जावे आणि बाकीच्यांनी मळा सांभाळावा, दुसऱ्या वर्षी पाळी बदलावी, अशी रीत आम्ही काही गावांत पाहतो. ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते. मात्र पाळी खरोखर बदलावी. दरवर्षी सासऱ्यांनी जायचे आणि सुनेने राहायचे, याला पाळी म्हणत नाहीत.

सावतोबांनी शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे १२९५ साली, अरण येथेच देह ठेवला. वय पंचेचाळीस. पुढच्या वर्षी ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली, आणि त्यानंतर निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी. सावतोबांची समाधी अरणला आहे, जिथे ते राबले तिथेच. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीस जातात, हे आपण पाहतोच. पण सावतोबांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला उलटे होते: पंढरीहून पांडुरंगाची पालखी निघते आणि अरणला येते. आषाढ संपत आलेला असतो, वाटेवर चिखल असतो, दोन्ही बाजूंच्या शेतांत खुरपणीला बसलेली माणसे उठून उभी राहतात, मातीचे हात जोडतात, आणि पालखी पुढे गेली की पुन्हा खाली बसतात.