गावोगाव फिरलेला माणूस : लोककवी वामनदादा कर्डक

१४ एप्रिल जवळ आला की बपेऱ्यात आपल्या वस्तीतल्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो, यंदा पार्टी कोणाची आणायची? निळे झेंडे, तोरणं, मिरवणूक, भोजनदान हे सर्व ठरलेलं असतं. वाद होतो तो गायन पार्टीवरून. तुमसरची आणायची की नागपूरची, एकच पार्टी की दुय्यम कव्वालीचा सामना, बिदागी किती, इसार किती, घरटी वर्गणी किती बसते. रात्री बारा-बारा वाजतात. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट मात्र राहून जाते. पार्टी कोणतीही येवो, ती जी गाणी गाते त्यातली कितीतरी एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली आहेत. विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे, तेव्हा त्या माणसाची जीवनकहाणी इथे द्यावी असं आम्ही ठरवलं. लोककवी वामनदादा कर्डक हे नाव लहान-मोठ्या सर्वांना माहीत आहे. पण त्यांनी आयुष्य कसं काढलं हे आजच्या पोरांना ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते उशिराच कळलं.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. आईचं नाव सईबाई, वडील भाऊ सदाशिव, बहीण सावित्री. घर महाराचं, म्हणजे गावकीची कामं आणि पोटाला अर्धपोटी भाकर, हे त्या काळात सांगावं लागत नाही. शाळा काही नशिबात नव्हती. पुढे आईबरोबर ते मुंबईला आले आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहू लागले. मुंबईत मिळेल ते काम केलं. कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली, आईसफ्रूट विकलं. सिनेमात नट व्हायची हौस होती, म्हणून स्टुडिओच्या दारात उभे राहून गर्दीतली छोटी-मोठी कामंही करून पाहिली. चाळीत समता सैनिक दल होतं, त्यात ते हौसेने असत.

याच चाळीत एक प्रसंग घडला. एका माणसाने त्यांच्यापुढे पत्र धरलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. दादांना एक अक्षर येत नव्हतं. अंगात दलाचा गणवेश, बोलणं ऐटबाज, आणि कागद समोर आल्यावर तोंड बंद. या गोष्टीची त्यांना इतकी लाज वाटली की ते रडले. मग देहलवी नावाच्या एका मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली. जोडाक्षरं त्यांनी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून वाचून पक्की केली. हजारो गाणी लिहिणारा कवी अक्षर कुठे शिकला, तर दुकानाच्या पाटीवर! आमच्या पोरापोरींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी म्हणून जरा विस्ताराने सांगितली.

१९४३ साल दादांच्या आयुष्यात फार मोठं. त्या वर्षी नायगावला त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पहिलं गाणं रचलं. ते गाणं बाबासाहेबांवर नव्हतं, हे वाचून कित्येकांना आश्चर्य वाटेल. ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. चार मित्रांना हसवायला केलेलं. मित्र हसले, आणि आपण शब्द जुळवले तर लोक कान देतात हे दादांना कळलं. म्हणजे आपल्या चळवळीचा एवढा मोठा कवी आधी लोकांना हसवून उभा राहिला.

हसवणं ही हलकी गोष्ट नाही. आपल्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत पाहिलेल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. नाशिककडे तमाशा होता, आणि त्याच तमाशाच्या साच्यातून आधी सत्यशोधकांचा जलसा निघाला आणि मग आंबेडकरी जलसा. १९३० नंतर, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या दिवसांत, नाशिक जिल्ह्यातल्याच भीमराव कर्डक यांनी आपला जलसा गावोगाव फिरवला. (आडनाव एक आणि जिल्हा एक, त्यामुळे पुष्कळजण भीमराव आणि वामनदादा यांची गल्लत करतात. माणसं दोन आहेत.) जलशात गणपतीचा गण गेला, त्याजागी भीमाचं स्तवन आलं. गौळण बदलली. नाचा काढला. पण सोंगाड्या ठेवला! मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, सावकाराच्या कागदावर डोळे मिटून आंगठा देऊ नका, हे भाषणात सांगितलं तर माणूस जांभई देतो. तेच सोंगाड्याने फार्सात करून दाखवलं की हसता हसता माणूस खाली मान घालतो. जलशाची ही हवा दादांच्या आसपास होती. ते स्वतः पुढे गीतगायनाकडे वळले, पण दोन गाण्यांच्या मधे बोलत बोलत लोकांना हसवायचं आणि हसू ओसरायच्या आत बोचणारं गाणं सुरू करायचं, ही रीत जलशातूनच आलेली आहे. आजही चांगली पार्टी तेच करते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. आपल्या भंडारा जिल्ह्याचा तर बाबासाहेबांशी वेगळाच जिव्हाळा. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते भंडाऱ्यातून उभे होते आणि पडले, त्याचा सल जुन्या लोकांच्या मनात शेवटपर्यंत होता. दीक्षेनंतर घराघरातले देव निघाले, पण देवाबरोबर देवाची गाणीही निघाली ना! जात्यावर काय म्हणायचं? पाळण्याला, लग्नाला, घरभरणीला काय गायचं? माणूस मेला तर रात्र कशाने काढायची? ही पोकळी ग्रंथांनी भरण्यासारखी नव्हती, कारण बाया-माणसांना वाचताच येत नव्हतं. ती भरली वामनदादा, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर अशा मंडळींनी. दादा लोकांच्या तोंडी असलेली चाल घेत, कधी लोकगीताची, कधी सिनेमाची, कधी कव्वालीची, आणि त्यात बुद्ध, फुले, बाबासाहेब बसवत. चाल आधीच पाठ, त्यामुळे एकदा ऐकलं की दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर निंदण करणाऱ्या बाईच्या तोंडी गाणं. पंडितांनी याला नावं ठेवली असतील. ठेवू द्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हे सगळं त्यांनी घरी बसून केलं नाही. दादांनी आयुष्य वाटेवर काढलं. आज या जिल्ह्यात तर उद्या त्या जिल्ह्यात, महाराष्ट्र पायाखाली घातला. गायकाचा हंगाम कसा असतो पाहा. १४ एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत रोज कार्यक्रम, आणि तोच विदर्भात अंगाची लाही करणारा उन्हाळा. मग दसरा-धम्मचक्र दिन, मग ६ डिसेंबर. मधला पावसाळा कोरडा, म्हणजे आभाळातून पाणी आणि घरात काही नाही. पेटी, ढोलकी, तबला, बेंजो घेऊन एस.टी.ने उतरायचं, फाट्यावरून बैलगाडी आली तर ठीक, नाही तर डोक्यावर. गॅसबत्तीच्या उजेडात दहाला सुरू झालेला कार्यक्रम पहाटेपर्यंत. भाषणं लांबली तर गायकाला रात्री एकला माइक मिळतो आणि तरी पब्लिक उठू द्यायची नसते. कोणी पाच रुपये बक्षीस देतो आणि नाव पुकारायला लावतो, कोणी दारू पिऊन फर्माईश करतो. सकाळी मंडळाचे लोक दिसेनासे होतात. बिदागी ठरलेली एक आणि हातात पडलेली एक.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आम्ही तरुण असताना एका गावी जयंतीच्या मंडळात काम करत होतो. वर्गणी कमी पडली. पार्टीला ठरल्याच्या निम्मे पैसे आणि एका पोत्यात थोडे तांदूळ देऊन आम्ही मोटारस्टँडवर सोडून आलो. पेटीवाला म्हातारा होता. तो काही बोलला नाही, तांदळाचं तोंड नीट बांधून घेतलं. आम्हाला त्या वेळी त्यात काही चुकलं असं वाटलंही नाही. मिशनचं काम आहे, पैसा कशाला पाहायचा, अशी आमची समजूत. पण मिशनचं काम करणाऱ्याच्या घरी चूल असते, हे कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

दादांच्या घराची काय दशा होती ते ऐका. पहिली पत्नी अनुसया. तिच्यापासून मीरा नावाची मुलगी झाली. संसार टिकला नाही, पत्नी निघून गेली, आणि मीरा लहानपणीच गेली. नंतर शांताबाईंशी लग्न झालं. या माउलीने दादांच्या फिरतीच्या संसारात साथ दिली, तिचं नाव कोणत्या बॅनरवर नसतं म्हणून इथे मुद्दाम लिहितो. पोटचं मूल पुन्हा राहिलं नाही, पुढे एक मुलगा दत्तक घेतला. आपल्या लेकीसाठी अंगाई गायला न मिळालेल्या माणसाने आपल्या सगळ्यांच्या पाळण्यासाठी गाणी लिहिली.

दुसरं दुःख गाण्याचं. आपल्याकडे कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. दादांच्या गाण्यात शेवटी वामन येतो, तीच त्यांची सही. पण दादांची गाणी इतकी पसरली की धन्याचंच नाव पुसलं जाऊ लागलं. वेळ कमी म्हणून शेवटचं कडवं गाळायचं, किंवा वामनच्या जागी आपलं नाव घालून मोकळं व्हायचं, ही चाल या क्षेत्रात सर्रास आहे. कॅसेटी आल्या तेव्हा तर विचारूच नका. कॅसेटवर गाणाऱ्याचा फोटो असे आणि लिहिणाऱ्याचं नाव शोधावं लागे. दादांनी कोर्टकचेऱ्या करत आयुष्य घालवलं नाही. गाणं लोकांचं झालं यात त्यांना समाधानही असेल, पण समाधानाने एस.टी.चं तिकीट निघत नाही हे आपण विसरू नये.

त्यांची पुस्तकंही उशिरा निघाली. १९४३ ला लिहू लागलेल्या कवीचा वाटचाल हा संग्रह १९७३ ला आला, म्हणजे तीस वर्षं गाणी नुसती लोकांच्या तोंडात जगली. मग १९७६ ला मोहोळ आणि १९७७ ला हे गीत वामनाचे. १९९३ साली वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झालं, त्याचं अध्यक्षपद दादांना देण्यात आलं. पाटीवर अक्षर शिकलेला माणूस साहित्यिकांच्या खुर्चीवर बसला. १९९६ ला माझ्या जीवनाचं गाणं हे आत्मचरित्र आलं. मोठेपणाचा आव न आणता त्यांनी आपली वाट सांगितली आहे. विहाराच्या वाचनालयात ते पुस्तक असावं अशी आमची सूचना आहे.

दादा फक्त गौरवच गात होते असं समजू नका. विद्यापीठाच्या नामांतरासाठी त्यांनी लिहिलं, भांडवलदारांना हिशेब विचारला, आणि बाबासाहेबांनंतर गटागटांत फुटलेल्या आपल्याच पुढाऱ्यांचे कान भरसभेत उपटले. पुढारी स्टेजवर बसलेले असायचे आणि टाळ्याही वाजवायचे. त्यांना कळायचं नाही की कळून वाजवायचे, देव जाणे म्हणायची सोय आपल्याला राहिली नाही!

१५ मे २००४ रोजी दादांनी शेवटचा श्वास घेतला. बुद्धपौर्णिमा होऊन अकरा दिवस झाले होते. गावोगावचे मांडव सुटले होते, पार्ट्या पेट्या-ढोलक्या बांधून घरी परतल्या होत्या. गाण्याचा हंगाम संपता संपता हा माणूस गेला.

यंदाच्या जयंतीची बैठक मागच्या आठवड्यात विहारात झाली. पार्टी तुमसरची ठरली आहे. निम्मा इसार दिला, उरलेली बिदागी पार्टी उतरल्याबरोबर जेवणाआधी द्यायची असं वहीत लिहून सह्या घेतल्या आहेत. भाषणांना रात्री नऊपर्यंत वेळ. आणि पार्टीवाल्यांना आधीच कळवलं आहे की दादांचं गाणं घेतलं तर शेवटचं कडवं गाळायचं नाही.