समुद्राची शिक्षिका : रेचेल कार्सन



आपण बेटावर राहणारी माणसे. कोणत्याही गावातून निघालो तरी तास-दीड तासात समुद्र दिसतो. आपले पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून आले तेही याच समुद्रावरून. तरीदेखील ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात काय काय जगते, असे नातवाने विचारले तर आपल्यापैकी किती जणांना नीट सांगता येईल? पुष्कळांना शाळेत ते शिकवले गेले नाही, आणि शाळा सुटल्यावरही शिकायचे असते हे कोणी सांगितले नाही.

आज ज्या बाईंची जीवनकथा सांगायची आहे, त्यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्यांचा जन्म समुद्रापासून शेकडो मैल दूर झाला. वयाच्या २२ व्या वर्षापर्यंत त्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पुढे त्यांनीच लाखो माणसांना घरबसल्या समुद्र शिकवला. त्यांचे नाव रेचेल कार्सन.

बालपण आणि शिक्षण

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल या लहान गावी झाला. घरची थोडी शेतजमीन होती, पण पैशाची नेहमीच चणचण असे. आई मारिया लग्नापूर्वी शिक्षिका होती. ती मुलीला घेऊन रानात, ओढ्याकाठी हिंडे आणि पक्षी, किडे, पाने दाखवी. पकडून आणलेला जीव पाहून झाला की पुन्हा त्याच्या जागी सोडून द्यायचा, ही शिकवण रेचेलला आईकडूनच मिळाली आणि ती तिने जन्मभर पाळली.

रेचेलला लेखनाची फार आवड. अवघ्या ११ व्या वर्षी तिची गोष्ट मुलांच्या एका प्रसिद्ध मासिकात छापून आली. त्यामुळे कॉलेजात गेली ती इंग्रजी साहित्य शिकण्यासाठी. मुलीच्या फीसाठी आईने घरातली चिनी मातीची भांडीसुद्धा विकली. कॉलेजात मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिका जीवशास्त्र शिकवीत. त्यांच्या शिकवण्याने रेचेल इतकी भारावून गेली की साहित्य सोडून तिने जीवशास्त्र घेतले. आता लेखणी कायमची सुटली, असे तेव्हा तिला वाटले. प्रत्यक्षात दोन्ही विद्या पुढे एकाच कामी यायच्या होत्या.

१९२९ साली पदवी मिळाल्यावर ती उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत काही आठवडे शिकायला गेली. १८८८ साली स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात विद्यार्थी, शिक्षक आणि मोठमोठे शास्त्रज्ञ शेजारी शेजारी बसून काम करीत. तेथेच रेचेलने पहिल्यांदा समुद्र पाहिला.

अपुरी राहिलेली डॉक्टरेट

पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी १९३२ साली एम. ए. पदवी घेतली. डॉक्टरेट करण्याची इच्छा होती. पण तो काळ जागतिक मंदीचा. आई-वडील आणि बहिणीचा संसार असे सगळे घर त्यांच्याच मिळकतीकडे डोळे लावून बसलेले. १९३४ साली त्यांनी डॉक्टरेटचा नाद सोडला. १९३५ मध्ये वडील वारले. १९३७ च्या आरंभी बहीणही वारली आणि तिच्या दोन मुली मावशीच्या पदरी आल्या. कार्सनबाईंनी लग्न केले नाही, पण प्रपंच मात्र त्यांना कधीच चुकला नाही.

घरोघरी पोचलेली शाळा

याच अडचणीच्या दिवसांत, १९३५ साली, त्या काम मागायला सरकारच्या मत्स्य खात्यात गेल्या. तेथील अधिकारी एल्मर हिगिन्स एका पेचात सापडले होते. खात्याला रेडिओवरून समुद्री जीवांविषयी ५२ भागांची मालिका द्यायची होती. नाव होते रोमान्स अंडर द वॉटर्स, आणि प्रत्येक भाग सात मिनिटांचा. खात्यातल्या शास्त्रज्ञांना माशांची माहिती होती, पण ती चारचौघांना समजेल अशी लिहिता येत नव्हती. ज्यांना लिहिता येत होते त्यांना मासे ठाऊक नव्हते. कार्सनबाईंना दोन्ही येत होते. हिगिन्स यांनी ते काम त्यांच्या हाती सोपविले.

विचार करा. स्वयंपाकघरात काम करणारी गृहिणी, दुकानातला माणूस, समुद्रापासून हजार मैलांवरचा शेतकरी, यांना दर आठवड्याला सात मिनिटे समुद्राचा धडा मिळू लागला. फी नाही, परीक्षा नाही, वयाची अट नाही. आपल्या मॉरिशसमध्ये १९७१ साली कॉलेज ऑफ द एअर स्थापन झाले आणि पुढे ते मुक्त विद्यापीठात विलीन झाले. शिक्षण माणसाच्या घरापर्यंत न्यावे, हाच त्याच्याही मुळाशी असलेला विचार. आज मुले-माणसे संगणकावर आणि मोबाइलवर समुद्राच्या तळाची चित्रे पाहून शिकतात. साधन बदलले, वाट तीच आहे.

१९३६ साली कार्सनबाई सरकारी परीक्षेत पहिल्या आल्या आणि खात्यात जलजीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाल्या. अशा जागेवर नेमली गेलेली त्या खात्यातील ती केवळ दुसरी स्त्री. एका सरकारी पुस्तिकेसाठी त्यांनी समुद्रातील जीवनावर लिहिलेला मजकूर हिगिन्स यांना इतका आवडला की तो पुस्तिकेत दडवू नये, एखाद्या नामांकित मासिकाकडे पाठवावा, असे त्यांनी सुचविले. १९३७ साली तो अटलांटिक मासिकात छापून आला.

त्यावरूनच अंडर द सी-विंड हे त्यांचे पहिले पुस्तक तयार झाले. त्यात किनाऱ्यावर लाटांबरोबर धावणारे पक्षी, बांगड्याच्या जातीचा एक मासा आणि एक वाम यांच्या जीवनकथा आहेत. नदीत वाढलेली वाम अंडी घालण्यासाठी शेकडो मैल पोहत सारगासो समुद्रात जाते आणि तिची इवली पिले पुन्हा नद्यांकडे परततात. हे शास्त्रीय सत्य त्यांनी गोष्टीसारखे सांगितले. पुस्तक नोव्हेंबर १९४१ मध्ये निघाले आणि महिनाभरातच अमेरिका महायुद्धात ओढली गेली. कोणाला वाचायची सवड? दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

समुद्राचा ग्रंथ

कार्सनबाई खचल्या नाहीत. दिवसा कार्यालय आणि रात्री लेखन असा क्रम चालू राहिला. पुढे त्या खात्याच्या सर्व प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. युद्धकाळात पाणबुड्या शोधताना आणि जहाजांचे मार्ग आखताना समुद्रतळाचे, प्रवाहांचे, लाटांचे नवे ज्ञान जमा झाले होते. ते त्यांच्या टेबलावरून जात होते. हे ज्ञान सामान्य माणसापर्यंत गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. १९४९ साली खात्याच्या अल्बाट्रॉस तिसरे या जहाजावरून त्या मासेमारीच्या क्षेत्रात जाऊन आल्या. पुरुषांच्या जहाजावर एकटी बाई कशी न्यायची, अशी अडचण निघाली, तेव्हा मेरी रोडेल या मैत्रिणीला बरोबर घेऊन त्यांनी ती दूर केली.

१९५१ साली द सी अराउंड अस हे पुस्तक निघाले आणि त्याने इतिहास घडविला. न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत ते ८६ आठवडे राहिले, १९५२ साली त्याला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला आणि अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. इतके सखोल शास्त्रीय पुस्तक एका बाईने लिहिले असेल, यावर काही वाचकांचा विश्वासच बसेना.

त्या पुस्तकात भरती-ओहोटीचे प्रकरण आहे. चंद्र-सूर्याचे आकर्षण सगळीकडे पोचते, मग कॅनडातील फंडीच्या उपसागरात पाणी ५० फूट चढते आणि एखाद्या बेटावर फूटभरच, हे कसे? उत्तर असे की समुद्राच्या प्रत्येक खोऱ्याचा आकार वेगळा, म्हणून तेथले पाणी हेलकावतेही वेगळे. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत जेमतेम हात-दीड हाताचा फरक का असतो, हे कोडे यावरून उलगडते. बेटांवरही एक प्रकरण आहे. समुद्रातून बेट कसे जन्मते, तेथे जीव कसे पोचतात, आणि माणसाने उंदीर, बकऱ्या आणल्या की युगानुयुगांची ती घडी कशी मोडते, हे त्यात सांगितले आहे. डोडोच्या देशातल्या माणसांना याचा वेगळा पुरावा द्यायला नको.

पुस्तकाच्या मिळकतीमुळे १९५२ साली त्यांना नोकरी सोडता आली. मेन राज्यात समुद्राकाठी त्यांनी छोटे घर बांधले. १९५५ साली द एज ऑफ द सी आले. खडकाळ, वाळूचा आणि प्रवाळाचा अशा तीन प्रकारच्या किनाऱ्यांची त्यात ओळख आहे. त्यासाठी त्या थंडगार पाण्यात तासन् तास उभ्या राहत. कधी पाय इतके बधिर होत की चित्रकार बॉब हाइन्स यांना त्यांना उचलून बाहेर आणावे लागे. भिंगाखाली पाहिलेले जीव त्या पुन्हा त्याच डबक्यात नेऊन सोडीत.

स्वतःची चूक सुधारणारी शिक्षिका

कार्सनबाईंचा मोठेपणा केवळ पुस्तकांच्या खपात नाही. समुद्र इतका अफाट आहे की माणूस त्याचे फारसे बिघडवू शकणार नाही, अशी त्यांची पूर्वी समजूत होती. पण अणुयुगातील किरणोत्सारी कचरा पिंपांत भरून समुद्रात टाकला जाऊ लागला. प्रवाह आणि सजीव तो कुठल्या कुठे नेतात, हे कळल्यावर आपली समजूत चुकीची होती हे त्यांनी स्वीकारले. १९६१ साली पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला नवी प्रस्तावना जोडून त्यांनी वाचकांना हा धोका स्पष्ट सांगितला. ज्या ग्रंथाने कीर्ती दिली, त्याच ग्रंथात आपली समजूत दुरुस्त करायला मोठे मन लागते. त्या पुस्तकातील काही गोष्टी पुढच्या संशोधनाने मागे टाकल्या. चंद्र पॅसिफिक महासागरातून तुटून निघाला असावा, ही त्यात दिलेली कल्पना आज कोणी मानत नाही. शिकणे संपत नाही ते असे.

भाचीचा मुलगा रॉजर लहान असताना त्या त्याला अंधाऱ्या, पावसाळी रात्रीही किनाऱ्यावर नेत. १९५६ साली त्यांनी यावर एक लेख लिहिला. आई-बापांना प्राण्यांची नावे येत नसली तरी बिघडत नाही, मुलाबरोबर बसून नवल वाटून घेतले तरी शिक्षण सुरू होते, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी भाची वारली आणि पाच वर्षांच्या रॉजरला कार्सनबाईंनी दत्तक घेतले. तेव्हा त्यांच्या वयाची पन्नाशी आली होती.

अखेरची झुंज

१९६२ साली सायलेंट स्प्रिंग निघाले. डीडीटीसारखी कीटकनाशके बेसुमार वापरली तर पक्षी, मासे आणि माणूस यांची काय गत होते, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. आपल्याकडे १९४८ पासून घरोघरी डीडीटी फवारून हिवताप हटविण्यात आला, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. कार्सनबाईंनी सरसकट बंदी मागितली नव्हती. विचार न करता सगळीकडे फवारू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. रसायन-उद्योगाने त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. त्या वेळी त्यांना कर्करोग झालेला होता आणि ते त्यांनी लोकांपासून लपवून ठेवले होते. १४ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रक्षेचा काही भाग मेनच्या त्यांच्या आवडत्या किनाऱ्यावर समुद्राला अर्पण करण्यात आला. १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी घातली आणि १९८० साली त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर मिळाला.

वाचकहो, २०२० च्या जुलै महिन्यात पॉइंत देस्नीजवळ वाकाशियो जहाज प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातले तेल समुद्रात सांडले, तेव्हा आपली माणसे कोणी बोलावण्याची वाट न पाहता धावली. उसाच्या पाचटाने भरलेल्या पिशव्या शिवून त्यांनी तेल अडविले. समुद्रावरचे आपले प्रेम त्या दिवशी जगाने पाहिले. पण संकटाच्या दिवशी धावण्याइतकेच संकट नसताना ओळख ठेवणेही महत्त्वाचे. ज्याचे नावगाव आपल्याला ठाऊक नाही, ते गेले तरी कळत नाही.

समुद्र न पाहिलेल्या गावातली मुलगी रेडिओवरून लोकांना समुद्र शिकवू शकली. आपल्याला तर तो दारातच मिळाला आहे. येत्या रविवारी ओहोटीची वेळ पाहून नातवंडांना घेऊन किनाऱ्यावर जा. डबक्याशी बसा. नाव आले नाही तर दोघे मिळून शोधा. आणि उठण्यापूर्वी जो जीव जेथून उचलला, तेथेच परत ठेवा.